सकाळच्या बाईंनी मान डोलावली

मी मान डोलावली, हे खरं आहे. पण ती 'हो' म्हणून डोलावली नव्हती.

जप करताना माझी मान आपोआप हलते. मणी सरकला की मान पुढे, मणी सरकला की मान पुढे. लग्नाआधीपासूनची सवय आहे. सासूबाई म्हणायच्या, आमची सूनबाई सकाळी देवाच्या सगळ्या अटी मान्य करत बसलेली असते. त्यात चेष्टा होती की कौतुक, ते त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

दुसरा नेम मौनाचा. उठल्यापासून जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही. कोणी काही विचारलं तर बोटाने दाखवते, नाहीतर नुसती बघते. वरच्या मजल्यावरच्या भाऊजींनी एकदा विचारलं होतं, "वहिनी, घराला आग लागली तर काय कराल?" मी म्हटलं, "टाळ्या वाजवीन." ते बराच वेळ हसत होते. भाऊजी पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाले आहेत. तिथे लोकांनी ओरडूनसुद्धा काम होत नसे, तेव्हा टाळ्यांवर त्यांचा विश्वास बसणं कठीणच.

तर त्या सकाळी मी माझ्या आसनावर होते आणि हे समोर कॉम्प्युटरवर बसले होते. हे म्हणजे आमचे हे. पडद्यावर एक चौकट आली. यांनी खुर्ची वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दाबू का?"

मी मणी सरकवला.

यांनी बटण दाबलं. मशीनच्या आतल्या पंख्याने एक लांब उसासा टाकला, पडदा काळा झाला, आणि आमच्या घरातलं एकुलतं एक सुरळीत चाललेलं काम बंद पडलं.

आता त्या मशीनबद्दल सांगायला हवं. ते कुठल्या कंपनीचं नाही. हे मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात देखभाल खात्यात होते. निवृत्त झाल्यावर यांनी बाजारातून सुटे भाग आणून हा कॉम्प्युटर स्वतः जोडला आणि त्याच्यात एका बड्या कंपनीची सिस्टिम बसवली. ती कंपनी आपली सिस्टिम फक्त स्वतःच्याच कॉम्प्युटरवर चालू देते. यांना सिस्टिम आवडायची, पण कंपनीचा रुबाब सहन होत नसे. मी विचारलं, "अहो, म्हणजे ही चोरी झाली का?" हे म्हणाले, "चोरी कसली? दत्तक घेतलंय." माझं मन काही मानेना. तेव्हापासून मी रोज एक माळ जास्त करते, कंपनीच्या नावाने. कंपनीला अर्थात याची कल्पना नाही.

दत्तक मूल म्हणून त्याचे लाड फार. झोपवलं की उठताना आवाज हरवून बसायचं, उन्हाळ्यात आपोआप बंद पडायचं. हे दिवस दिवस त्याच्या उशाशी. मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, हे मशीन तुम्ही नक्की कशासाठी वापरता?" हे म्हणाले, "चालू ठेवण्यासाठी." तिला हसू आलं. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मीही दिवा त्याचसाठी लावते.

यांचा एकच दंडक होता. अधूनमधून पडद्यावर एक चौकट यायची, नवी सिस्टिम आली आहे, बसवू का? खाली दोन बटणं, 'आत्ता' आणि 'नंतर'. 'कधीच नको' असं बटण त्यात नसतं. खऱ्या मशीनला नवी सिस्टिम मानवते, आमच्या दत्तकाला मानवली नसती. म्हणून दर वेळी 'नंतर'. हे कितीदा तरी मला सांगत, "लक्षात ठेव, आपण कायम नंतर."

मग यांचं विसरणं सुरू झालं.

ते कसं सुरू झालं हे सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी झालंय त्यांना माहीत आहे. किल्ल्या गेल्या, मग रस्ते गेले, मग माणसं. मशीन मात्र राहिलं. रोज सकाळी आंघोळ करून हे त्याच्यासमोर बसायचे. एका कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसतो, तो वाचायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे." थोड्या वेळाने पुन्हा वाचायचे, पुन्हा म्हणायचे, ठीक आहे. मी मागे आसनावर. इतकं शांत घर फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल.

फक्त एक गोष्ट. यांच्या हिशेबी आमच्या घरात दोन बायका राहायला आल्या होत्या. एक सकाळच्या बाई आणि एक दुपारच्या बाई. ते मला असं कळलं, की एका दुपारी मी औषध द्यायला गेले तर हे गोळी हातात धरून म्हणाले, "सकाळच्या बाईंना विचारलंत का?"

"कोण सकाळच्या बाई?"

"त्या बसतात ना इथे, माळ घेऊन. बोलता येत नाही बिचाऱ्यांना. पण त्या बसल्या की काम नीट होतं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून जरा ओशाळून म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हीही चांगल्या आहात. फक्त बोलता फार."

मला. जिला जिन्यात शेजारणी म्हणतात, "वहिनी, जरा मोठ्याने बोला, ऐकूच येत नाही," तिला. जन्मभर घरात आवाज चढवला नाही, आणि शेवटी हे प्रशस्तिपत्रक. त्या दिवशी मला त्या सकाळच्या बाईंचा मत्सर वाटला. दुसऱ्या दिवशी आसनावर बसले तेव्हा जरा ताठच बसले, हेही कबूल करते.

तर त्या सकाळी यांनी 'आत्ता' दाबलं, मशीन बंद पडलं, आणि यांना सकाळी बसायला जागा उरली नाही. पहिल्या दिवशी हे काळ्या पडद्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी बूट घालून दारात उभे. "ड्यूटीवर जातो." मी आसनावरून उठून दार अडवलं. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात असताना हे निघून गेले आणि भाजीवाल्याने चौकातून परत आणलं. तेव्हापासून मी आसन दाराशी टाकलं आणि दाराला पाठ लावून जप करू लागले. देवाकडे पाठ झाली, पण देव समजूतदार आहे. तो बूट घालून निघून जात नाही.

मुलीला कळलं. ती दुसऱ्या गावी असते. फोनवर म्हणाली, "आई, मी एका ठिकाणी बोलून ठेवलंय. चांगली माणसं आहेत, बाग आहे, चोवीस तास बाई असते. त्यांनी रविवारपर्यंत जागा धरून ठेवलीय. मी शनिवारी येते."

"मशीन दुरुस्त झालं की हे बसतील गं."

"आणि नाही झालं तर? तू किती दिवस दाराला पाठ लावून बसणार आहेस?"

ठरलं एवढंच, की शनिवारच्या आत मशीन उठलं पाहिजे.

पहिला उपाय भाऊजींचा. ते वरूनच ओरडले, "बंद करून चालू केलंत का?" मी म्हटलं, बंदच आहे. ते म्हणाले, "मग अर्धं काम झालंय," आणि धूळ ओढायचं यंत्र घेऊन खाली आले. त्यांनी मशीनचं झाकण उघडलं. माझ्या देवाचं फडताळ त्याच्या बरोबर वर आहे, त्यामुळे इतक्या वर्षांच्या उदबत्त्यांची राख आत साठलेली. भाऊजींनी यंत्र लावलं ते उलट्या बाजूने. राख ओढली जाण्याऐवजी उडाली आणि भाऊजी क्षणात साधुपुरुष दिसू लागले. त्यांच्या बायकोने त्यांना तशा अवतारात घरात घेतलं नाही, हा त्यांचा घरगुती प्रश्न. पण झाकण परत लावल्यावर एक स्क्रू उरला. भाऊजी म्हणाले, "कंपन्या नेहमी एक जास्तीचा देतात." या मशीनला कंपनीच नाही, हे सांगेपर्यंत तो त्यांनी खिशात टाकला होता.

मग मी सिस्टिमवाल्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलत होती. "मॅडम, मशीनच्या मागचा क्रमांक सांगा." मी म्हटलं, मागे क्रमांक नाही, मागे वायर आहेत. खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे, म्हणून मी तिला दत्तकाची सगळी हकिगत सांगितली. तिने ती ऐकून घेतली. मग म्हणाली, "मॅडम, सिस्टिम आमची आहे, पण मशीन आमचं नाही. आमच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नाही."

"अहो, पण ते समोर आहे."

"तुमच्या समोर असेल, मॅडम."

मशीनच्या आतली मुख्य पाटी ज्या कंपनीची, त्यांना फोन केला. ते म्हणाले, पाटी आमची आहे, पण तिच्यावर जे चालतं ते आम्ही ऐकलं नाही असं समजा. म्हणजे अंग एकाचं, जीव दुसऱ्याचा, आणि दोघांपैकी कोणी ओळख द्यायला तयार नाही. मी फोन ठेवला. हे खुर्चीवर बसून बुटाची नाडी सोडत होते आणि पुन्हा बांधत होते.

गोड मुलीने मात्र माझ्यासाठी वरिष्ठांकडे विचारणा केली होती. वरिष्ठांचा फोन आला तो नेमका सकाळी, मी मौनात असताना. मी फोन उचलला आणि त्याच्यावर बोटाने टकटक केलं. पलीकडून, "हॅलो, ऐकू येतंय का?" मी टकटक. "हॅलो?" टकटक. यांनी माझ्या हातून फोन घेतला आणि अदबीने म्हणाले, "साहेब, बाईंना बोलता येत नाही. पण त्या इथेच आहेत." थोड्या वेळाने निरोप आला, ग्राहकाकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद करण्यात आली आहे. सोबत विचारलं होतं, आमची सेवा कशी वाटली? मी पूर्ण गुण दिले. मुलगी खरंच गोड होती.

राहिलं कोपऱ्यावरचं कॉम्प्युटरचं दुकान. मशीन जड, रिक्षा मिळेना. शेवटी माळ्यावरून नातीची बाबागाडी काढली, मशीन त्यात झोपवलं, धक्के बसू नयेत म्हणून वर शाल घातली. यांना घरी एकटं ठेवता येईना, म्हणून गाडी यांच्या हातात दिली. हे इतक्या सांभाळून ढकलत होते, की खड्डा आला की आधी थांबायचे आणि मग चाक उचलायचे. वाटेत एक अनोळखी बाई वाकून म्हणाली, "झोपलंय वाटतं?"

मी म्हटलं, "उठतच नाहीये."

तिचा चेहरा पडला. तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि निघून गेली. तिला खुलासा करायला हवा होता. पण कितीतरी दिवसांनी कोणी दंडावर हात ठेवला होता, तो मी ठेवून घेतला.

दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "काकू, हा नाद सोडा. मी सगळ्यांच्या घरी असते ती साधी सिस्टिम टाकून देतो. जुन्या डिस्क काढून तुमच्या हातात देतो." संध्याकाळी मशीन घरी आलं, पटकन उठलं, आवाजसुद्धा आला, जो पूर्वी कधी धड येत नसे. दुसऱ्या सकाळी हे समोर बसले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. तापमानाचा आकडा शोधला. मग हळूच उठले आणि खुर्ची आत सरकवली. "हे आपलं नाही. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये." आणि बूट घालायला गेले.

शनिवार उजाडला. मुलगी आली, आणि येताना यांच्यासाठी नवी, चाकांची बॅग घेऊन आली. ती बॅग तिने दाराआड उभी केली, मला दिसू नये म्हणून. मला दिसली. मी दुकानदाराला फोन करून म्हटलं, जुन्या डिस्क परत बसवून द्या. नाही चाललं तर निदान आहे तसं मेलेलं तरी राहू दे.

तो आला, डिस्क बसवल्या, डोकं खाजवलं. भाऊजीही खाली येऊन उभे राहिले. दुकानदार म्हणाला, "काकू, असं मशीन बनवणारा माणूस एक पेनड्राइव्ह करून ठेवतोच. गाडी अडली तर त्याच्यावरून सुरू करायची. काकांनी कुठे ठेवला असेल?"

मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात मला आठवलं. मशीन पहिल्यांदा चाललं त्या दिवशी यांनी माझ्या हातात एक काळी, बोटाएवढी वस्तू दिली होती. "ही सांभाळून ठेव. जीव आहे यात." घरात सगळ्यात सांभाळून काय असतं? मी ती देवाच्या फडताळात ठेवली. तेव्हापासून रोज सकाळी तिच्यापुढे एक फूल पडत होतं. तिच्यात नक्की काय आहे हे मी विचारलं नव्हतं. फडताळातल्या इतर कोणालाही मी ते कधी विचारलेलं नाही.

मी ती आणून दिली. दिव्याच्या तेलाने ती माखलेली होती. दुकानदाराने ती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि कापसाने पुसायला लागला. मुलगी, पदर नसल्याने, तोंडाला ओढणी लावून हसत होती. आली तेव्हापासून पहिल्यांदा.

पेनड्राइव्ह लावला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली आणि थांबली. पुढे काय दाबायचं ते दुकानदाराला कळेना. हे दारात बूट घालून उभे होते. आत आले. बूट काढले. दुकानदाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "व्हा बाजूला."

दुकानदार उठला आणि हे बसले. यांची बोटं त्या बटणांवर अशी फिरत होती, जशी माझी माळेवर फिरतात. बघावं लागत नव्हतं. मध्येच थांबून यांनी मशीनच्या बाजूला हात फिरवला. "एक स्क्रू कमी आहे." भाऊजींनी खिशातून काढून निमूटपणे पुढे केला.

"कोणी जोडलंय हे?" यांनी विचारलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हीच."

"मी नाही. मी वायर अशी बांधली नसती." मग थोडं वाकून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. "पण माणूस हुशार होता."

मुलगी चहा बघायला आत गेली. चहा सगळ्यांचा पिऊन झाला होता.

पडदा उजळला. तीच जुनी सिस्टिम, तोच कोपरा, तोच आकडा. आवाज नव्हता, म्हणजे सगळं पूर्वीसारखं झालं होतं. हे म्हणाले, "ठीक आहे." मग उठून मला म्हणाले, "मालक आले की सांगा त्यांना. नवं काही विचारलं तर कायम नंतर म्हणायचं."

"सांगते," मी म्हटलं.

रात्रीचं जेवण झाल्यावर मुलीने त्या ठिकाणी फोन केला. मला ऐकू येऊ नये म्हणून ती गॅलरीत गेली होती, पण आमची गॅलरी लहान आहे. "आत्ता नको," ती म्हणत होती. "हो, माहीत आहे. नंतर." जाताना बॅग माळ्यावर ठेवून गेली. परत नेली नाही. मीही ने म्हटलं नाही.

आसन पुन्हा जुन्या जागी आलं, यांच्या मागे. काही दिवस छान गेले.

मग एका सकाळी ती चौकट पुन्हा आली. मी माळ थांबवली, मान घट्ट धरली. यांनी या वेळी मागे वळूनही बघितलं नाही. "दाबू का?" म्हणाले, आणि बोट खाली यायला लागलं. मी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. पण पाठीला कुठे डोळे असतात? मग मला आगीचं आठवलं. मी टाळ्या वाजवल्या.

"हो हो," हे खूश होऊन म्हणाले, "दाबतो."

"नको."

इतक्या वर्षांत त्या वेळी माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द. घोगरा, मलाच परका वाटला.

यांचं बोट थांबलं. वळून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही? एवढ्या सकाळी कशा आलात?" मग माझ्या आसपास बघितलं. "आणि त्या कुठे गेल्या? इथेच बसल्या होत्या."

हे उठले. दार बघितलं, गॅलरी बघितली, खिडकीचा पडदा सरकवून त्याच्यामागे बघितलं. "त्यांना असं उठवायला नको होतं तुम्ही," मला म्हणाले. आवाजात राग नव्हता. हरवल्यासारखा होता. "त्या परत येतील का?"

"येतील," मी म्हटलं.

बोलून गेले, आता ते खरं करणं आलं. हे स्वयंपाकघरात शोधायला गेले तशी मी आसनावर नीट बसले. नेम मोडला की जप पहिल्या मण्यापासून धरायचा असतो. मी पहिला मणी धरला, डोळे मिटले, आणि गप्प झाले.

बऱ्याच वेळाने पावलं आली आणि माझ्यासमोर थांबली. "आलात होय," हे म्हणाले. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. मी डोळे किलकिले केले. चौकट अजून तिथेच होती. यांनी 'नंतर' दाबलं आणि आकडा वाचला.

"मघाशी त्या दुपारच्या आल्या होत्या," मान थोडी मागे करून हे हळू आवाजात मला सांगू लागले. "वेळेआधीच आल्या. एकच शब्द बोलल्या, पण बरोबर बोलल्या. तशा वाईट नाहीत हो त्या. तुमची ओळख करून द्यायला हवी एकदा."

मी मान डोलावली. हातातला मणी जागचा हललेला नव्हता.